गॅस गिझर पेटत नाही: आधी कान लावा, मग झाकण उघडा

"गिझर पेटत नाही" ही तक्रार एकच वाटते, पण तिच्यात तीन वेगळे बिघाड दडलेले असतात. नळ सोडल्यावर कसलाच आवाज येत नाही, हा पहिला. टिकटिक होते पण ज्योत येत नाही, हा दुसरा. ज्योत येते आणि काही सेकंदांत विझते, हा तिसरा. तिघांची कारणं एकमेकांपासून इतकी लांब आहेत की पहिल्यात गॅसची नळी तपासत बसणं किंवा तिसऱ्यात जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक) साफ करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. म्हणून स्क्रू ड्रायव्हर शोधण्याआधी गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा आणि दहा सेकंद नुसतं ऐका.

पुढची माहिती सेलवर चालणाऱ्या, नळ सोडताच आपोआप पेटणाऱ्या इन्स्टंट गिझरसाठी आहे. पायलट ज्योतीचे, म्हणजे सतत जळणाऱ्या छोट्या ज्योतीवर पेटणारे जुने गिझर आणि विजेवरच्या पंख्याचे नवे गिझर यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

गॅसचा वास येत असेल तर

तर पुढचं काहीही करू नका. गिझरचा कॉक बंद करा, सिलिंडर असेल तर रेग्युलेटरही बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि घरातल्यांना घेऊन बाहेर या. विजेचं कुठलंही बटण चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. वास घालवायला एक्झॉस्ट फॅन लावणं ही फार मोठी चूक आहे. फोन बाहेर आल्यावर करा.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जवळजवळ दीडपट ते दुप्पट. तो वर जात नाही. जमिनीलगत पसरतो, मोरीच्या जाळीत, टबाखाली, कोपऱ्यात साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेलं की पेटायला एक ठिणगी पुरते. पाइपलाइनने येणारा नैसर्गिक वायू उलट हलका असतो, तो छताकडे जमतो. गॅस असा साचतो, म्हणूनच गिझर पेटत नसताना नळ पुन्हा पुन्हा सोडणं-बंद करणं धोक्याचं आहे. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा गॅस न जळता बाहेर पडतो. लागोपाठ तीन प्रयत्न फसले की थांबा, खिडकी उघडा, किमान पाच मिनिटं जाऊ द्या.

नळ सोडल्यावर आत काय घडतं

हे एकदा डोक्यात बसलं की बिघाड शोधणं निम्मं सोपं होतं. पाणी गिझरमध्ये शिरतं ते पाण्याच्या व्हॉल्व्हमधून. त्यात रबराचा एक गोल पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. पाणी वाहू लागलं की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा सरकतो आणि त्याला टेकलेली पितळी पिन पुढे ढकलली जाते. ही पिन दोन कामं करते. गॅसच्या व्हॉल्व्हची झडप यांत्रिकरीत्या उघडते आणि मायक्रोस्विचवरचा, म्हणजे विजेच्या एका छोट्या बटणावरचा, दाब सोडते. मायक्रोस्विच मोकळा झाला की कंट्रोल बॉक्सला, म्हणजे इग्निटरला, सेलचा ३ व्होल्ट पुरवठा मिळतो. तो ठिणग्या पाडू लागतो आणि सोलेनॉइड नावाची विजेवर उघडणारी दुसरी झडप उघडतो. दोन्ही झडपा उघड्या असल्या तरच बर्नरला गॅस मिळतो.

ज्योत आली की तिच्यात बुडालेली सेन्सरची काडी ती ओळखते. ठिणग्या थांबतात, सोलेनॉइड उघडा राहतो. ठरावीक सेकंदांत ज्योत दिसली नाही तर बॉक्स सगळं बंद करतो आणि नळ बंद करून पुन्हा सोडेपर्यंत काही करत नाही. गिझर हट्टाला पेटतो आहे असं इथे वाटतं. प्रत्यक्षात तो आपलं काम चोख करत असतो.

पाण्यापासून ज्योतीपर्यंत ही एक साखळी आहे. ती ज्या कडीवर तुटते तिथे आवाज थांबतो, आणि म्हणूनच आधी ऐकायचं.

पहिला बिघाड: कसलाच आवाज नाही

इथे पहिले दोन संशयित: सेल आणि पाणी. गॅसचा अजून संबंधच आलेला नाही.

सेलपासून सुरुवात करा. बहुतेक गिझरना डी आकाराचे, म्हणजे जाडे, १.५ व्होल्टचे दोन सेल लागतात. डबी खालच्या बाजूला असते. नवे सेल मल्टिमीटरवर प्रत्येकी १.५ व्होल्टच्या वर दाखवतात. पण नुसते बाहेर काढून मोजलेलं व्होल्टेज फसवतं, कारण मरायला टेकलेला सेलही भार नसताना बरा आकडा दाखवतो. खरी परीक्षा टिकटिक चालू असताना होते. त्या वेळी दोन्ही सेल मिळून २.४ व्होल्टच्या खाली घसरत असतील तर सेल बदला. मीटर नसेल तर वाद न घालता नवे सेल घाला. सहा महिने ते वर्षभरात ते तसेही बदलायला येतात.

सेल बदलताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. एक जुना आणि एक नवा घालू नका, जुना नव्यालाही खाली ओढतो. अल्कलाइन घ्या. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, दोन मिळून जेमतेम २.४ होतात, म्हणजे पूर्ण चार्ज असतानाच ते काठावर असतात. अधिक-उणे टोकं डबीवरच्या खुणेप्रमाणे लावा. उलटे घातले तर गिझर मुकाट बसतो.

डबीच्या पत्र्यांवर पांढरी किंवा हिरवट पूड जमली असेल तर सेल गळला आहे. हातमोजे घालून सेल काढा, कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावून पूड विरघळवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि बारीक पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा. स्प्रिंग दबून बसली असेल तर हलक्या हाताने बाहेर ओढा. न्हाणीघराच्या दमट हवेत हे पत्रे गंजतात, आणि सेल कितीही नवे असले तरी गंजातून वीज जात नाही. सेल बदलूनही गिझर मुका राहतो त्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

आता पाणी. गिझर किती पाण्यावर चालू होतो ते त्याच्या पाटीवर दिलेलं असतं. मिनिटाला सहा लिटरच्या गिझरला साधारण अडीच ते तीन लिटरचा प्रवाह लागतो. मोजायला एक लिटरचं भांडं आणि घड्याळ पुरतं: गरम पाण्याच्या नळाखाली भांडं भरायला २० सेकंद लागले तर प्रवाह मिनिटाला तीन लिटर आहे. ३० सेकंद लागत असतील तर प्रवाह दोन लिटरवर आला आणि गिझर पेटण्याची आशा सोडा.

भांडं सावकाश भरत असेल तर एकेक अडथळा काढत जा. पहिली जागा शॉवर. त्याची भोकं क्षारांनी बुजली की पुढचा प्रवाह अडतो आणि मागे व्हॉल्व्हमधला दाबाचा फरकही कमी होतो. शॉवर उतरवून नुसत्या नळीतून पाणी सोडा. गिझर पेटला तर दोषी सापडला. दुसरी जागा गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडातली जाळी. ही जाळी असते हेच अनेकांना ठाऊक नसतं. टाकी धुतल्यावर, रस्त्यात पाइपचं काम झाल्यावर किंवा घरात नवी जोडणी केल्यावर गाळ, गंजाचे कण आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे तिथे येऊन बसतात. पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, इनलेटचा नट पान्याने सोडवा, जाळी नखाने किंवा सुईनाक पक्कडीने अलगद काढा, जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा. परत बसवताना रबरी वॉशर सपाट बसल्याची खात्री करा. नट हाताने आवळून त्यापुढे पाव फेरा पुरतो. जास्त ताकद लावली तर प्लास्टिकचे आटे जातात.

तिसरी गोष्ट उंचीची. टाकीतल्या पाण्याच्या पातळीत आणि गिझरच्या पातळीत एक मीटर फरक असेल तर ०.१ बार दाब मिळतो. कमी दाबावर चालणाऱ्या गिझरनाही साधारण ०.२ ते ०.२५ बार लागतो, म्हणजे दोन-अडीच मीटर उंची. वरच्या मजल्यावर, टाकीच्या बरोबर खाली असलेल्या घरात टाकी भरलेली असताना गिझर पेटतो आणि निम्मी झाली की नाही, याचं कारण हेच. तिथे यंत्रात दोष नाही. टाकी उंचावर न्यावी लागेल किंवा छोटा प्रेशर पंप बसवावा लागेल.

नवीन जोडणीनंतर गिझर एकदाही पेटला नसेल तर आत येणारी आणि बाहेर जाणारी नळी उलटी लागलेली नाही ना, ते बघा. पाणी उलट्या बाजूने गेलं तर ते नळाला येतं, पण डायफ्राम हलत नाही. थंड-गरमच्या खुणा गिझरच्या तळाला असतात.

सेल चांगले, पाणी चांगलं, तरी शांतता? मग झाकण उघडावं लागेल. गॅसचा कॉक बंद करा. पुढची बटणं सरळ ओढून काढा, खालचे-मागचे दोन ते चार स्क्रू सोडवा, झाकण थोडं वर उचलून पुढे घ्या. आकडा दाखवणारा डिस्प्ले असेल तर त्याची वायर झाकणाला जोडलेली असते. झाकण झटक्यात ओढलं तर ती तुटते. आधी वायरची पिन सोडवा.

आता सगळ्यात उपयोगी चाचणी. गॅस बंदच ठेवून मायक्रोस्विचचा चाप बोटाने त्याच्या बटणापासून दूर करा. टिकटिक सुरू झाली तर सेल, वायरी, इग्निटर सगळं ठीक आहे आणि दोष पाण्याच्या बाजूचा आहे. टिकटिक आली नाही तर मायक्रोस्विच, वायरची पिन किंवा इग्निटर यांच्यातला दोष आहे. या एका हालचालीने निम्मं यंत्र संशयातून बाद होतं. मायक्रोस्विच स्वतंत्र तपासायचा तर त्याच्या दोन वायरींची पिन सोडवून मीटर लावा. बटण दाबलेलं असताना मीटरवर जोड (वीज जाण्याचा मार्ग) दिसायला नको आणि सुटल्यावर दिसायला हवा. तो ठीक असेल तर इग्निटर बॉक्स बदलायचा. त्याची दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. नवा घेताना व्होल्टेज आणि पिनांचा आकार जुन्याशी जुळवून घ्या.

दोष पाण्याच्या बाजूचा निघाला तर नळ सोडून पिनकडे बघा. पिन हलत नसेल तर डायफ्राम फाटला असावा किंवा पिन क्षारांनी जाम झाली असावी. व्हॉल्व्हच्या खालून, पिनच्या भोवती पाणी ठिबकत असेल तर पिनवरची रबरी रिंग गेली आहे. पाण्याचा व्हॉल्व्ह गॅसच्या व्हॉल्व्हपासून वेगळा उघडता येत असेल, तरच हे काम घरी करा. गॅसचा एखादा जरी नट सोडावा लागत असेल तर हात आवरा. डायफ्राम उजेडासमोर धरून ताणा, सुईएवढं भोकही दिसतं. नवा त्याच व्यासाचा हवा, आणि जुना कुठल्या बाजूला तोंड करून बसला होता त्याचा काढण्याआधी फोटो घ्या. पिनला सिलिकॉन ग्रीस लावा. खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली लावली की रबर फुगतं आणि काही आठवड्यांत बिघाड परत येतो.

दुसरा बिघाड: टिकटिक होते, ज्योत येत नाही

पाण्याची आणि मायक्रोस्विचची कडी शाबूत आहे हे टिकटिक ऐकून कळलं. आता गॅस येतो का, आणि ठिणगी योग्य जागी पडते का, एवढंच.

शेगडी पेटते म्हणून गॅस आहे, असा निष्कर्ष काढू नका. हिशोब करून बघा. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे साडेदहा किलोवॅट उष्णता लागते. वाया जाणारी धरली तर गिझर बारा-साडेबारा किलोवॅट ओढतो, म्हणजे पूर्ण ज्योतीवर तासाला जवळपास एक किलो एलपीजी. शेगडीच्या एका बर्नरच्या कितीतरी पट. सिलिंडर संपत आला असेल, रेग्युलेटर अर्धवट बसला असेल, नळी कुठे दुमडली असेल किंवा कॉक तिरका असेल, तर शेगडी आनंदाने जळत राहते आणि गिझर मात्र उपाशी राहतो.

थंडीत यात आणखी भर पडते. सिलिंडरमधल्या द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते, ती तो स्वतःतूनच घेतो आणि गार होतो. ब्युटेन साधारण उणे अर्ध्या अंशाला उकळतं, प्रोपेन उणे ४२ ला. ब्युटेन जास्त असलेला सिलिंडर गारठ्यात पुरेसा वायू देऊ शकत नाही. पहाटे पेटत नाही आणि दुपारी पेटतो, सिलिंडरच्या खालच्या भागावर दव किंवा बर्फाची साय दिसते, ही त्याची खूण. सिलिंडर कधीही गरम पाण्यात ठेवू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, आडवा करू नका. हवेशीर पण कमी थंड जागी ठेवा किंवा भरलेला लावा.

सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा अडकलेली असते. आधी शेगडीचा एक बर्नर पेटवून अर्धा मिनिट चालू ठेवा, मग गिझर बघा. गिझरची नळी वेगळी असेल तर तिच्यातली हवा जायला दोन-तीन प्रयत्न लागणं स्वाभाविक आहे; प्रत्येक प्रयत्नामध्ये मिनिटभर थांबा. अचानक जादा गॅस वाहिला तर आपोआप बंद होणारी सुरक्षा झडप काही रेग्युलेटरमध्ये आणि नळ्यांमध्ये असते. कॉक झटक्याने उघडला तर ती मिटते. कॉक बंद करा, थोडं थांबा, मग सावकाश उघडा. पुन्हा पुन्हा मिटत असेल तर कुठेतरी गळती असू शकते आणि झडपेला दोष देता येत नाही.

रबरी नळीवर छापलेली तारीख वाचा. मुदत संपलेली, वाकवल्यावर चिरा दिसणारी किंवा चिकट झालेली नळी बदला. जोड तपासायला साबणाचं पाणी हाच मार्ग: बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून गळती शोधू नका, कधीच.

गॅस गिझरपर्यंत पोहोचतो हे नक्की झालं की सोलेनॉइड. झाकण काढलेलं असताना नळ सोडा. टिकटिकीच्या सुरुवातीला "टक" असा एक आवाज यायला हवा. सोलेनॉइडला बोट लावून ठेवलं तर धक्काही जाणवतो. ठिणगीला थोडी वीज पुरते, झडप खेचून उघडायला जास्त लागते. म्हणून सेल उतरले की पहिलं लक्षण बऱ्याचदा हेच दिसतं: टिकटिक जोरात, "टक" मात्र नाही. इथेही नवे सेल घालून बघणं हा पहिला उपाय. तरीही "टक" नसेल तर सोलेनॉइडची पिन सोडवून वायरींमध्ये मीटर लावा. जोडच दाखवत नसेल तर कॉइल जळली आहे. सोलेनॉइड बदलणं म्हणजे गॅसचा मार्ग उघडणं, ते मेकॅनिकचं काम.

गॅस येतो, "टक" होतो, तरी ज्योत नाही? खोलीत अंधार करा आणि ठिणगी बघा. ती इलेक्ट्रोडच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या काडीच्या, टोकापासून बर्नरवर, निळसर आणि ठसठशीत पडायला हवी. दोघांमधलं अंतर साधारण ३ ते ५ मिलिमीटर. वायरीतून किंवा चिनी मातीच्या नळीच्या तड्यातून ठिणगी बाजूच्या पत्र्यावर उडत असेल तर टिकटिक ऐकू येईल, पण बर्नरला ती कळणारच नाही. हा चकवा अंधाराशिवाय सापडत नाही. टोकावरची काजळी पॉलिश पेपरने काढा. ओल असेल तर कोरडं होऊ द्या. आंघोळीच्या वाफेत झाकणाच्या आत पाणी सुटतं.

बर्नर आणि जेट यांच्याकडेही बघा. गिझर महिनोन्महिने बंद राहिला असेल तर बर्नरच्या तोंडात कोळ्याचं जाळं हमखास सापडतं. ते दिसायला किरकोळ, पण गॅस-हवेचं मिश्रण बिघडवायला पुरेसं असतं. गॅस बंद ठेवून मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने साफ करा. जेटच्या भोकात सुई किंवा तार घालू नका. भोक एका केसाने रुंदावलं तरी ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी होते.

सिलिंडरवरचा गिझर पाइपलाइनवर जोडला आणि तेव्हापासून पेटत नाही, असं असेल तर शोध इथेच थांबवा. एलपीजीचं जेट बारीक असतं, दाब ३० मिलिबारच्या आसपास. नैसर्गिक वायूचा घरगुती दाब २०-२१ मिलिबार आणि त्याला रुंद भोकाचं जेट लागतं. जेट न बदलता जोडणी बदलली की ज्योत येत नाही किंवा मिणमिणते. उलट बाजू तर जीवघेणी आहे: नैसर्गिक वायूच्या जेटमधून एलपीजी सोडला तर ज्योत झाकणाबाहेर येते.

तिसरा बिघाड: पेटतो आणि विझतो

किती वेळाने विझतो, हाच इथला सगळ्यात मोठा पुरावा. घड्याळ लावा.

पाच-सात सेकंदांत विझत असेल तर सेन्सरची काडी बघा. ज्योतीतून अगदी सूक्ष्म वीज वाहते, काही मायक्रोअँपिअर, आणि तिच्यावरून बॉक्स ज्योत ओळखतो. काडीवर काजळी किंवा पांढरा थर चढला, काडी वाकून ज्योतीबाहेर गेली, किंवा बॉक्सची बॉडीला जोडलेली वायर सैल झाली, की समोर ज्योत जळत असूनही बॉक्सला ती दिसत नाही. काडी बारीक पॉलिश पेपरने घासा, टोक ज्योतीच्या मध्ये येईल असं ठेवा, अर्थिंगचा स्क्रू आवळा. दहा मिनिटांचं काम आहे आणि यात पुष्कळ गिझर सुधारतात.

आंघोळ करताना थंड पाण्याचा नळ सोडला आणि गिझर विझला, तर बिघाड नाही. मिक्सरमध्ये थंड पाणी जोराने आलं की गरम बाजूचा प्रवाह मागे ढकलला जातो आणि डायफ्राम परत बसतो. गरम नळ पूर्ण उघडा ठेवा, तापमान गिझरच्या बटणांवरूनच कमी करा, थंड पाणी शक्यतो बादलीत मिसळा.

काही मिनिटांनी विझत असेल, नळ बंद करून लगेच सोडल्यावर पेटत नसेल आणि दहा मिनिटांनी मात्र पेटत असेल, तर अतिउष्णतेचा थर्मोस्टॅट काम करतो आहे. उन्हाळ्यात बटण हिवाळ्याच्या खुणेवर राहिलं, प्रवाह कमी झाला, किंवा तांब्याच्या नळ्यांमध्ये क्षार साचले की पाणी आत उकळायला लागतं. थर्मोस्टॅटच्या दोन वायरी एकत्र जोडून "दुरुस्ती" करणारे भेटतात. तसं कुणालाही करू देऊ नका. पुढचा टप्पा नळी फुटण्याचा असतो. क्षार काढायला लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून ते अर्धा-पाऊण तास फक्त तांब्याच्या नळ्यांमधून फिरवतात आणि नंतर भरपूर पाण्याने धुतात. त्यासाठी नळ्या व्हॉल्व्हपासून सोडवाव्या लागतात, म्हणून सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडून करून घ्या.

बरोबर २० मिनिटांनी विझत असेल तर तो टायमर आहे. अनेक मॉडेलमध्ये तो सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलेला असतो. नळ बंद करून सोडला की गिझर पुन्हा चालू होतो.

आणि शेवटचं कारण, सगळ्यात गंभीर. एक भाग एलपीजी नीट जळायला साधारण २५ ते ३० भाग हवा लागते. बंद न्हाणीघरात प्राणवायू कमी होतो, ज्योत निळीची पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. काही गिझरमध्ये प्राणवायू कमी झाला की बंद करणारा सेन्सर असतो. दार बंद असताना विझतो आणि उघडं असताना चालतो, अशी तक्रार असेल तर त्या गिझरने एखादा जीव वाचवला असण्याची शक्यता आहे. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पायांतली शक्ती जाणं ही लक्षणं आंघोळीत जाणवली तर पाणी तसंच सोडून ताबडतोब उघड्या हवेत या आणि डॉक्टरांकडे जा. गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी हलवल्याशिवाय पुन्हा पेटवू नका. झरोका उघडा आहे एवढ्यावर विसंबणं पुरत नाही.

उशिरा, "भप्प" आवाज करून पेटत असेल

हा चौथा प्रकार म्हणा. गिझर पेटतो म्हणून लोक दुर्लक्ष करतात, ते करू नये. ठिणगी पडण्याआधी किंवा चुकीच्या जागी पडत असताना गॅस साचतो आणि मग सगळा एकदम पेट घेतो. कारणं वर आलेलीच आहेत: उतरलेले सेल, इलेक्ट्रोडचं चुकलेलं अंतर, बर्नरमधला कचरा, किंवा एखादं बुजलेलं जेट, ज्यामुळे ज्योत एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उशिरा सरकते. नवे सेल घालूनही "भप्प" येत असेल तर गॅस बंद करून गिझर वापरातून काढा आणि माणूस बोलवा.

पायलटचे आणि पंख्याचे गिझर

पायलट ज्योतीच्या गिझरमध्ये सेन्सरच्या काडीऐवजी थर्मोकपल, म्हणजे तापल्यावर थोडी वीज देणारी काडी, असतं. पायलट पेटवल्यावर बटण २० ते ३० सेकंद दाबून धरायचं असतं; लवकर सोडलं तर ज्योत जाते. पूर्ण वेळ धरूनही जात असेल तर थर्मोकपलचं टोक पायलटच्या ज्योतीत बुडतं का ते बघा आणि त्याचा गॅस व्हॉल्व्हकडचा नट सैल नाही ना, तेही. नीट तापलेलं थर्मोकपल साधारण २५-३० मिलिव्होल्ट देतं. त्याहून बरंच कमी देत असेल तर बदलायचं.

पंख्याच्या गिझरमध्ये आधी पंखा फिरतो, धुराच्या नळीतून हवा जाते हे दाबाचा स्विच पाहतो आणि मगच ठिणगी पडते. पंखा फिरतो पण टिकटिक नाही, तर धुराची नळी बाहेरून बघा: घरटं, पानं, वाकलेलं तोंड. डिस्प्लेवरच्या कोडचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, तो त्या मॉडेलच्या पुस्तिकेतच बघा.

मेकॅनिकला बोलावताना

"पेटत नाही" एवढंच सांगू नका. टिकटिक येते का, "टक" येतो का, किती सेकंदांनी विझतो, लिटरचं भांडं किती वेळात भरतं, सेल कधी बदलले, गॅस सिलिंडरचा की पाइपलाइनचा, आणि पाटीवरचा मॉडेल नंबर, हे फोनवर सांगा. तो योग्य भाग बरोबर घेऊन येईल.

काम झाल्यावर तो जाण्याआधी तीन गोष्टी त्याच्यासमोर करा. उघडलेल्या प्रत्येक जोडाला, गॅस चालू असताना, साबणाचं पाणी लावा. पाच मिनिटं ज्योत बघा: ती सगळ्या ओळींवर निळी, स्थिर हवी, टोकं पिवळी नकोत. गिझरला धुराची नळी असेल तर दारं-खिडक्या लावून आणि घरातला एक्झॉस्ट फॅन चालू करून, ज्योत पेटलेली असताना धुराच्या खाचेजवळ (गिझरच्या वरच्या बाजूला, नळीच्या मुळाशी) पातळ कागदाची पट्टी धरा. पट्टी आत ओढली गेली तर धूर बाहेर जातो आहे. ती खोलीकडे उडाली तर फॅन धूर घरात खेचतो आहे. मग लगेच गिझर बंद करून खिडक्या उघडा, आणि हवेचा मार्ग सुधारेपर्यंत गॅसचा कॉक उघडू नका.